मारून मारून हात दुखला, तरी पोरगं ऐकंना

"मॅडम, मारून मारून माझाच हात दुखायला लागला, तरी ह्यो मोबाईल सोडंना." सोलापुरात अक्कलकोट रोडकडं राहणारी एक आई (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), नवरा टॉवेलच्या कारखान्यात, पोरगं दुसरीत, घरात सासूबाई. पोरांच्या वागण्याबद्दल मी आईवडलांना सल्ला देते, असल्या केसेस माझ्याकडं सारख्या येतात.

मी म्हणलं, काल काय झालं ते क्रमानं सांगा. तर त्यानं फोन मागितला, ही भाकऱ्या थापत होती, नाही म्हणाली, तो फरशीवर लोळला, हिनं पिठाच्या हातानंच दोन धपाटे घातले, तो अजून जोरात किंचाळला, शेजारीण डोकावली आणि सासूबाई म्हणल्या, दे गं बाई, डोकं उठलं. दिला. घर शांत.

आता ह्यात कोण काय शिकलं बघा. पोरगं शिकलं की मागून मिळत नाही, शेजारीण येईपर्यंत ओरडलं की मिळतं. आणि आई शिकली की फोन दिला की कटकट थांबते, म्हणजे बक्षीस तिलाही मिळालंच की, म्हणून पुढच्या वेळी ती जरा लवकर देणार. धपाटा म्हणजे पोराच्या लेखी फक्त फोनची किंमत.

स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1938 साली उंदरांवरचे प्रयोग मांडले होते. खटका दाबला की खाणं मिळतं हे शिकलेल्या उंदरांना खटका दाबूनही खाणं द्यायचं बंद केलं, त्यातल्या काहींना सुरवातीला खटका दाबला की पंज्यावर फटका बसायचा. ते थोडा वेळ गप बसले, पण शेवटी फटका न खाल्लेल्यांइतकंच दाबून मोकळे झाले. ह्या पोराचंही तेच, वडील घरात असले की एकदम शहाणं, वडील ड्युटीला गेले की चालू.

"पण मी काय रोज देत नाही हो," ती म्हणाली. खरा घोळ तिथंच आहे. मटक्याचा आकडा रोज लागत नाही म्हणूनच तर माणूस रोज लावतो! कधीमधी मिळणारं बक्षीस सवय सगळ्यात चिवट करतं, त्यामुळं मी तिला स्पष्टच सांगितलं, शेवटपर्यंत नाही म्हणणं जमणार नसेल तर पहिल्यांदा मागितल्यावरच देऊन टाका, पण ओरडल्यावर नाही म्हणजे नाही. आणि बंद केल्यावर आधी ओरडणं वाढणार, वस्तू फेकेल, नेमकं तेव्हा दिलात तर अजून जोरात ओरडायचं एवढंच शिकंल.

सोबत दुसरं काम दिलं. गृहपाठ झाला की लगेच अर्धा तास फोन, लगेच म्हणजे लगेच, वार्षिक परीक्षेनंतरची सायकल सात वर्षांच्या पोराला काय कामाची. शिवाय वडलांनी आणलेले सुताचे रिकामे कोन एकावर एक रचत तो तासभर गप खेळायचा, तेव्हा घरात कुणी बघतसुद्धा नव्हतं, ओरडला की मात्र सगळे गोळा. म्हणलं, तो खेळत असताना दोन मिनिटं जवळ बसा.

सुरवातीला खरंच वाढलं, तिचा रडवेला फोन आला, मग हळूहळू कमी झालं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या रांगेत तो लोळला, सासूबाईंनी फोन दिला आणि परत घरी तेच सुरू. एकदा कमी झालेली सवय अशी उसळते, त्यात आईचं काही चुकलेलं नाही, फक्त पुढच्या वेळी येताना सासूबाईंना सोबत आणा म्हणून सांगितलंय.