त्या ८८ उत्तरांबद्दल

पोरी,

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. ‘मॅडम, आजच्या सीईटीच्या सराव पेपरात २०० पैकी ११२. मागच्या वेळी ११८ होते. रोज एक पेपर सोडवतेय तरी मार्क उतरतायत.’ सोबत रिपोर्टचा फोटो. फोन केला असता तर ‘हो मॅडम, हो मॅडम’ म्हणत तू ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय.

आधी त्या सहा मार्कांचं बघू. एमएचटी-सीईटीत, म्हणजे तुझ्या इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, गणिताचा प्रश्न दोन मार्कांचा, फिजिक्स-केमिस्ट्रीचा एकाचा. म्हणजे गणितात मोजलं तर तुझं सगळं रडगाणं तीन प्रश्नांचं आहे. निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून तू एकही प्रश्न कोरा ठेवत नाहीस, ते बरोबरच आहे. पण चाळीस प्रश्नांना अंदाजपंचे पर्याय दाबले, तर चारातला एक या हिशोबाने दहाएक बरोबर निघतात. कधी सात, कधी तेरा. ११८ वाली तू आणि ११२ वाली तू, दोघींना येणारं तेवढंच असू शकतं. फक्त ११८ च्या दिवशी तुक्के जास्त लागले.

म्हणून मला दीडशे प्रश्नांतल्या तुझ्या ६२ चुकांपेक्षा ८८ बरोबर उत्तरांची जास्त काळजी आहे. त्यातली किती खरंच तुझी? तुलाही सांगता येणार नाही, कारण पेपर संपल्यावर सगळ्याच हिरव्या खुणा सारख्या दिसतात. पुढच्या पेपरला रफ कागदावर प्रश्नाचा नंबर लिहून शेजारी एक अक्षर टाक: खात्री असेल तर ख, दोन पर्यायांत अडकलीस तर श, डोळे मिटून दाबलंस तर तु. सेकंदही लागत नाही. मग तपासताना ‘तु’ आणि ‘श’ वाली बरोबर उत्तरं चुकांच्याच ढिगात टाकायची. ‘ख’ लिहूनही चुकलेलं उत्तर मात्र सगळ्यात आधी उघडायचं. जे येत नाही ते तुला ठाऊक असतं. जे येतंय असं वाटतं आणि येत नाही, ते परीक्षेच्या दिवशी गळ्याशी येतं.

मागच्या रविवारी आणलेल्या पेपरातली डिस्क आठवते? तिच्याच प्रतलातल्या टॅन्जंटभोवती, म्हणजे कडेला टेकलेल्या रेषेभोवती, मोमेंट ऑफ इनर्शिया विचारला होता, म्हणजे ती फिरवायला किती जड जाते ते. तू ३/२ एमआर-स्क्वेअर लिहिलंस आणि मार्जिनमध्ये ‘सिली मिस्टेक’. हा शब्द मला अजिबात आवडत नाही. त्याने चूक झाकली जाते, सापडत नाही. ३/२ हे उत्तर हवेतून आलेलं नाही. प्रतलाला लंब असलेल्या टॅन्जंटभोवती डिस्कचं उत्तर तेच येतं, आणि प्रतलातल्या टॅन्जंटभोवती रिंगचंही तेच. तुझ्या डोक्यात ‘टॅन्जंट म्हणजे ३/२’ अशी गाठ बसली आहे. डायमीटरभोवती १/४, त्यात अक्ष कडेला सरकवल्याचं, म्हणजे पॅरलल अॅक्सिसचं, १ मिळवलं की ५/४. ही एक ओळ तू लिहिली असतीस तर चुकली नसतीस. म्हणजे हलगर्जीपणा नव्हता, तू सूत्र पाठ केलं होतंस, काढलं नव्हतंस. त्याचा इलाज ‘पुढच्या वेळी नीट वाचेन’ हा नाही.

तसंच लॉजिकचं. ‘पी तर क्यू’चं निगेशन, म्हणजे ते वाक्य खोटं ठरवणारं वाक्य, विचारलं, तर तू दोन्हीकडे नकार लावून मोकळी झालीस. ‘पाऊस आला तर सुट्टी’ हे खोटं कधी ठरतं? पाऊस आला आणि तरी सुट्टी नाही, तेव्हा. एवढं स्वतःशी म्हटलंस की उत्तर समोर येतं.

म्हणून सोल्यूशन उघडण्याआधी चुकलेला प्रश्न कोऱ्या कागदावर घड्याळ न लावता पुन्हा सोडव. सुटला तर अडचण वाचण्याची किंवा घाईची. नाही सुटला तर सोल्यूशनची पहिलीच ओळ बघ, बाकीचं हाताने झाक. त्या एका ओळीने पुढचं उलगडलं तर धडा येतो, सुरुवात सुचत नाही. तरीही अडलीस तर पुस्तकाकडे परत जा, दुसरा रस्ता नाही.

चुकांच्या वहीत सोल्यूशन उतरवू नकोस. एका मुलाने तीन रंगांच्या पेनांनी अशा दोन वह्या भरल्या होत्या. मी मधलं पान उघडून गणित विचारलं तर आलं नाही. तू फक्त एक वाक्य लिही: त्या क्षणी मला काय वाटलं, म्हणून मी चुकले. ‘टॅन्जंट दिसला आणि ३/२ आठवलं.’ बास. आठवड्याने तोच प्रश्न जरा बदलून सोडव, डिस्कच्या जागी रिंग घे.

वेळेचंही बघ. फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताला ५० प्रश्नांसाठी वेगळी ९० मिनिटं. रिपोर्टमध्ये केमिस्ट्रीचा एक पीएचचा प्रश्न दिसतोय, बरोबर आहे, पण तू त्याला चार मिनिटं दिलीस. एका मार्कासाठी चार प्रश्नांचा वेळ गेला. अशी महागडी बरोबर उत्तरंही वहीत हवीत. अकरावीच्या धड्यांवर मात्र रात्री जागू नकोस, त्यांचा वाटा २० टक्केच आहे.

हे सगळं नीट करायला एका पेपरमागे दीड-दोन दिवस जातात, म्हणजे रोज पेपर देणं बंद. मैत्रिणी रोज देतात हे मला माहीत आहे, देऊ देत. दरवर्षी मीही तुमच्याबरोबर एक पेपर सोडवते, आणि लेन्सच्या चिन्हात अजून एखादा प्रश्न घालवते. माझ्या वहीत ते वाक्य चार वेळा लिहिलेलं आहे.

उद्या पेपर देऊ नकोस. रविवारी दहाला ये, ११२ वाल्या पेपरची प्रिंट घेऊन. रफ कागद फाडून टाकले नसशील तर तेही आण, मला आधी तेच बघायचेत.

तुझी,
मॅडम