बिली हॉलिडेच्या गाण्यात समीक्षकांना काय सापडतं?

प्रश्न : माझा कान ख्यालावर वाढलेला. अमेरिकी जॅझ गायिका बिली हॉलिडेची स्तुती खूप वाचली म्हणून 'लेडी इन सॅटिन' ऐकली. आवाज फाटलेला, पल्ला जेमतेम दीड सप्तकाचा, तानबाजी तर नाहीच. मग एवढं कौतुक कशाचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही शेवटाकडून सुरुवात केलीत. ही तबकडी फेब्रुवारी १९५८ची, आणि जुलै १९५९मध्ये, ४४व्या वर्षी बिली गेली. तिच्या आवाजाबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण स्तुती आवाजाची नाहीच. ती शब्द लयीत कुठे ठेवते, याची आहे.

२५ जानेवारी १९३७ला टेडी विल्सनच्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित झालेलं 'धिस इयर्स किसेस' लावा. मिनिटाला ७८ वेळा फिरणाऱ्या त्या काळच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत, त्यामुळे गायिकेच्या वाट्याला साधारण एक फेरा, म्हणजे पूर्ण चाल एकदा, येई, बाकी वाद्यांचं. पहिल्यांदा ऐकताना गाण्याकडे लक्षच देऊ नका. वॉल्टर पेजचा डबल बास धरा आणि त्याच्या चार मात्रांवर पाय चालू ठेवा. दुसऱ्यांदा शब्द कुठे पडतात ते बघा. मात्रा पडून जाते, मग बिलीचा शब्द येतो. ओळभर ती अशी मागे रेलून चालते, तरी ओळ सुटत नाही. विलंब ठरवून केलेला आहे, लय हुकलेली नाही. सम राखून मुखडा उशिरा उचलणारा गवई ज्यानं ऐकलाय, त्याला हे लवकर कळेल.

दुसरी गोष्ट चालीची. संगीतकारानं लिहिलेल्या उड्या ती कमी करते, उंच स्वर खाली आणते, बोलल्यासारखी एकाच स्वराभोवती राहते. पल्ला लहान असूनही उणीव वाटत नाही ती यामुळे. कंप बहुधा स्वराच्या शेपटीला येतो. याच ध्वनिमुद्रणात लेस्टर यंगचा टेनर सॅक्सोफोन आहे. दोघांची वाक्यं एकाच वळणाची वाटतात, हे मला या काळातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचे स्वर गळतात, बास दिसेनासा होतो, आणि बिली कशाच्या मागे आहे हेच कळत नाही. गाणं नुसतं संथ वाटतं. हेडफोन वापरा. खरखर पार पुसलेली आवृत्तीही टाळा; खरखरीबरोबर श्वास आणि व्यंजनांच्या कडाही जातात. थोडी खरखर चालेल.

नंतर ८ डिसेंबर १९५७च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातलं 'फाइन अँड मेलो' बघा. बारा मात्राखंडांचा ब्लूज, सोबत पुन्हा लेस्टर यंग. आवाज तोवर खरखरीत झालाय, शब्दांची जागा मात्र तीच.

'लेडी इन सॅटिन'वर समीक्षकांत दोन तट आहेत. काहींना ती ऐकवत नाही, काहींना ती तिची सर्वांत खोल तबकडी वाटते. माझ्या मते रे एलिसच्या वाद्यवृंदातली तंतुवाद्यं जड आहेत. ठाम ठोका नसल्यानं मागे रेलायला आधार कमी. तरीही 'यूव्ह चेंज्ड' पुन्हा लावून बघा, या वेळी स्वर सोडून फक्त शब्दांच्या जागा मोजत.