मल्टिपल एक्स्पोजर फोटोसाठी मोबाइल पुरेल की कॅमेरा घ्यावाच लागेल?

तुम्ही लातूरचे आहात, हातात मोबाइल आहे आणि आजोबांच्या चेहऱ्यात त्यांचं रान दिसावं असा मल्टिपल एक्स्पोजर फोटो, म्हणजे दोन किंवा जास्त फोटो एकावर एक मिसळून केलेला एकच फोटो, तुम्हाला करायचाय. त्यासाठी कॅमेरा घ्यावा का, असं विचारलंय. एवढ्यासाठी अजिबात घेऊ नका, मोबाइल पुरतो. फक्त दोन्ही फोटो एकमेकांसाठी म्हणून काढायला हवेत. गॅलरीतले कुठलेही दोन उचलून एकावर एक ठेवले की नुसता गिचमिडा होतो.

पहिल्या फोटोत जिथे काळं आहे तिथेच दुसरा उमटतो, पांढऱ्यावर काही दिसत नाही. म्हणून सकाळी, ऊन तापायच्या आत, आजोबांना बांधावर उभं करा. सूर्य त्यांच्या पाठीमागे हवा, चेहरा बाजूने आणि मागे नुसतं आभाळ. तुम्ही खाली बसून काढा. एचडीआर बंद करा. एचडीआर चालू असलं की मोबाइल एका क्लिकमागे स्वतःच अनेक फ्रेम जोडून सावल्या उजळवतो, मग चेहरा काळा न येता राखाडी येतो. स्क्रीनवर आभाळावर बोट दाबून धरा, लॉक झालं की उजेड कमी करा. आभाळ करडं आलं तरी हरकत नाही, नंतर कॉन्ट्रास्ट वाढवून ते पांढरं करता येतं.

दुसऱ्या फोटोसाठी भेगाळलेली काळी जमीन सुचते, पण ओली काळी माती काळ्या चेहऱ्यावर दिसणारच नाही. वाळून पांढुरकी पडलेली, तिरप्या उन्हातली ढेकळं घ्या. माझ्या मते त्याहून सरस वेचणीला आलेला कापूस! गडद पानांमधली फुटलेली पांढरी बोंडं गालावर, कपाळावर अशी उठून दिसतात की बघत राहावं. मग स्नॅपसीड या फोटो एडिटिंग अ‍ॅपमध्ये डबल एक्स्पोजर, त्यात लाइटन मोड, म्हणजे दोन्हींतलं जे उजळ तेच दिसतं. डोळ्याजवळ एखादं बोंड नको असेल तर ते ब्रशने पुसता येतं.

कॅमेऱ्याची खरी मजा दुसरा फोटो काढताना कळते. पहिली फ्रेम स्क्रीनवर दिसत असते, तिच्यावर दुसरी नेमकी बसवता येते. कॅननच्या ५डी मार्क ३ मध्ये (२०१२) २ ते ९ फ्रेम जोडता येतात आणि फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपलेली, मिळते. अ‍ॅडिटिव्ह मोडमध्ये उजेडाची बेरीज होते, म्हणून दोन फ्रेम असतील तर प्रत्येक एक स्टॉप कमी (म्हणजे निम्म्या उजेडाची) ठेवायची, चार असतील तर दोन स्टॉप (पाव उजेडाची).

दौलताबादच्या चांद मिनाराभोवती फिरत आठ-नऊ फ्रेम घेऊन एकजीव करायच्या असतील तर कॅमेराच बरा. मोबाइलवरही होतं, पण प्रत्येक नवा थर किती ठळक दिसावा ते दुसऱ्याला ५० टक्के, तिसऱ्याला ३३, चौथ्याला २५ असं उतरत्या प्रमाणात ठेवावं लागतं, नाहीतर शेवटचाच फोटो वर चढून बसतो. शिवाय दरवेळी जेपीजी सेव्ह करत गेलात तर आभाळात पट्टे उमटू लागतात.

तरीही घ्यायचाच ठरवलात तर दुकानात मेनू उघडून मल्टिपल एक्स्पोजर आहे का ते आधी बघा. सोनी ए७ ३ सारख्या महागड्या कॅमेऱ्यातही ही सोय नाही.