तीस जणांच्या सपोर्ट टीममध्ये नॉलेज शेअरिंग कसं सुरू करावं? टूल कुठलं घ्यावं?

टूल कुठलंही घ्या हो. तीस जणांना गूगल डॉक्ससुद्धा पुरतं. लिहायला वेळ कोण देणार, ते आधी ठरवा.

मी पुण्यात दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टला होतो. एक कॉल हमखास यायचा: "बिल कोरं येतंय." नवीन पोरं ड्रायव्हर काढून परत टाकत बसायची, अर्धा तास जायचा. बहुतेक वेळा थर्मल पेपरचा रोल उलटा बसवलेला असायचा. त्या कागदाला लेप एकाच बाजूला असतो. दुकानदाराला नखाने जोरात ओरखडा काढायला सांगायचं. ज्या बाजूला काळी रेघ उठेल ती प्रिंट हेडकडे. दोन मिनिटांत फोन खाली. हे आमच्या नॉलेज बेसमध्ये नव्हतं असं नाही. 'थर्मल प्रिंटर आउटपुट समस्या निवारण' अशा भारदस्त नावाच्या फाइलमध्ये कुठेतरी तळाशी होतं. समोर दुकानदार ओरडत असताना ते कोणाच्या बापाला सापडणार? मी चार ओळींचा लेख टाकला, नाव दिलं 'बिल कोरं येतंय'. पोरं तोच उघडायला लागली.

रिव्ह्यूत साहेब म्हणाले, तुझा एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) वाढलाय. वाढणारच, कॉलला लागूनच लिहीत होतो! "लिखाण शिफ्टनंतर करा." वर लेखावरचं माझं नाव काढून 'सपोर्ट टीम' केलं. पुढे माणशी लेखांचं टार्गेट आलं आणि 'पासवर्ड कसा बदलावा' हे निम्म्या टीमने लिहून काढलं.

झेरॉक्सने १९९०च्या दशकात मशीन दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनांसाठी 'युरेका' नावाचं दुरुस्तीच्या युक्त्यांचं भांडार सुरू केलं. तिथे ज्याची युक्ती त्याचं नाव तिच्यावर राहायचं, आणि ती चालते का हे जाणकार टेक्निशियनच तपासायचे. केसीएस (नॉलेज-सेंटर्ड सर्व्हिस) ही सपोर्टमधलं ज्ञान लिहून ठेवायची पद्धत १९९२पासून घडत आली, तीही हेच सांगते: लेख कॉल सोडवता सोडवताच लिहायचा, तोही ग्राहकाच्या शब्दांत. म्हणजे साहेब, ते शिफ्टमधलंच काम होतं.

तेव्हा रोज अर्धा तास फोन बंद ठेवून लिहू द्या, नाव राहू द्या, आणि अप्रेझलला किती लेख लिहिले ते न बघता लेख किती कॉलवर कामी आला ते बघा.

हां, तुमची टीम बाहेरच्या क्लायंटचं काम करत असेल तर नॉलेज बेस बहुधा त्यांचाच असतो, नावाचं आधी विचारून घ्या. आणि बँक-विम्याचं काम असेल तर ओळन् ओळ कम्प्लायन्सकडून पास करून घ्यावी लागेल, तिथे अर्धा तास पुरायचा नाही.