दुसऱ्याच्या टी सेल्स उसन्या घेता येतात का?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मागच्या अंकातलं तुमचं कॅन्सरवरच्या कार-टी थेरपीचं उत्तर वाचलं, पेशंटच्याच टी सेल्स (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, लॅबमध्ये बदलायच्या आणि परत सोडायच्या. त्यावर अजून शोधत बसले तर "अनकन्व्हेन्शनल टी सेल्स" हा शब्द सारखा समोर यायला लागला, गॅमा-डेल्टा, एनकेटी, मेट अशी नावं. म्हणे या कुणाच्याही घ्या आणि कुणालाही द्या. हे कसं काय? मग किडनी देताना एवढं मॅचिंग कशाला करतात?

उत्तर : किडनीचा मुद्दा बरोबर पकडलात, तिथूनच सुरू करू. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीवर एचएलए नावाची प्रोटीन्स असतात आणि ती माणसागणिक वेगळी. नेहमीच्या टी सेल्स, म्हणजे आल्फा-बीटा वाल्या, या एचएलएवर मांडलेला प्रोटीनचा छोटासा तुकडा बघून ठरवतात की समोरची पेशी ठीक आहे का बिघडलीये. आता परक्या माणसाचं एचएलए दिसलं की त्या बिथरतात. किडनीत पेशंटच्या टी सेल्स किडनीवर तुटून पडतात, आणि दुसऱ्याच्या टी सेल्स पेशंटला दिल्या तर उलटं होतं, त्या पेशंटच्या कातडीवर, आतड्यावर, लिव्हरवर हल्ला करतात. म्हणून कार-टी बहुतेक वेळा स्वतःच्याच सेल्सची करतात, आणि त्यात आठवडे जातात, शिवाय केमो घेऊन घेऊन पेशंटच्या सेल्स आधीच दमलेल्या असतात.

या वेगळ्या टी सेल्स एचएलएकडे बघतच नाहीत. एनकेटी सेल्स सीडी१डी नावाच्या प्रोटीनवरचे चरबीचे रेणू बघतात, मेट सेल्स एमआर१ नावाच्या प्रोटीनवरची बॅक्टेरियाची रसायनं, आणि ही दोन्ही प्रोटीन्स सगळ्या माणसांत जवळजवळ सारखीच. गॅमा-डेल्टांची तर वेगळीच तऱ्हा, रक्तात जो प्रकार जास्त सापडतो तो समोरच्या पेशीत काही फॉस्फेटवाले रेणू साठलेत का हे बाहेरूनच ओळखतो. त्यामुळे डोनरच्या या सेल्स पेशंटच्या अंगावर सहसा जात नाहीत आणि म्हणूनच त्या आधी बनवून, फ्रीज करून ठेवता येतील, लागेल तेव्हा काढता येतील असं म्हणतात.

पण "कुणालाही द्या" हे अर्धंच खरं बरं का. या सेल्स पेशंटला काही करत नाहीत हो, पण पेशंटची इम्यून सिस्टिम त्यांना सोडते का? त्यांच्या अंगावर डोनरचं एचएलए असतंच ना, ते दिसलं की पाहुण्यांची हकालपट्टी. म्हणून ट्रायल्समध्ये आधी केमो देऊन पेशंटची इम्यूनिटी थोडे दिवस खाली आणतात. जाहिरातवजा लेखांत ही गोष्ट नेमकी गाळलेली असते.

मला स्वतःला यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. कॅन्सरच्या पेशी लपायला काय करतात, तर एचएलएच उतरवून ठेवतात, मग नेहमीच्या टी सेल्सना काही दिसतच नाही. काही प्रकारच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये असं होऊनही इम्यूनोथेरपी (शरीराची स्वतःची इम्यूनिटी कॅन्सरवर सोडायची ट्रीटमेंट) चालत होती आणि हे कोडंच होतं, २०२३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की तिथे काम करणाऱ्यांत गॅमा-डेल्टा सेल्स आहेत.

प्रश्न : बाबांना प्रोस्टेट कॅन्सर आहे, हाडांत पसरलाय, झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन चालू आहे. पहिल्या डोसनंतर सणसणून ताप आला, अंग दुखलं. कुठेतरी वाचलं की या औषधाने गॅमा-डेल्टा सेल्स जाग्या होतात. मग बाबांना इम्यूनोथेरपी आपोआपच मिळतेय का?

उत्तर : वाचलंत ते बरोबर आहे आणि गंमत म्हणजे तो ताप बहुतेक त्याच सेल्सचा. हे औषध हाडं कुरतडणाऱ्या पेशींना आवरतं, ते कोलेस्टेरॉल बनायच्या वाटेवरचं एक एन्झाइम बंद करून. वाट तुंबली की मागे ते फॉस्फेटवाले रेणू साठतात, गॅमा-डेल्टांना वाटतं काहीतरी गडबड आहे आणि त्या केमिकल्स सोडतात, म्हणून फ्लूसारखं होतं. पुढच्या डोसांना सहसा हा त्रास कमी होतो.

पण याला ट्रीटमेंट समजू नका. इटलीत २००७ साली १८ प्रोस्टेट पेशंट्सवर नेमका हाच प्रयोग झाला, निम्म्यांना नुसतं झोलेड्रोनिक ॲसिड आणि निम्म्यांना सोबत आयएल-२ हे टी सेल्स वाढवणारं प्रोटीन, ज्यांच्यात या सेल्स टिकून राहिल्या त्यांची तब्येत बरी राहिली, पण १८ माणसांवरून काय सिद्ध होणार. सारखं सारखं उठवलं की या सेल्स थकतात आणि कमीही होतात. इंजेक्शन हाडांसाठी चालू आहे, ते डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवा, दातांचं काही काम काढायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो.

प्रश्न : एवढं चांगलं आहे तर अडलंय कुठे?

उत्तर : बऱ्याच ठिकाणी. पहिलं म्हणजे उंदीर. रक्तातला मुख्य गॅमा-डेल्टा प्रकार उंदरांत नाहीच, मेट सेल्स अगदी कमी, म्हणजे जिथे सगळं आधी तपासतात तिथेच तपासायची पंचाईत. दुसरं, माणसांत एनकेटी मोजायला गेलं तर हजार टी सेल्समागे जेमतेम एखादी, त्यामुळे लॅबमध्ये वाढवणं हेच मोठं काम. त्यांना उठवणारं औषध सापडलं ते समुद्री स्पंजातून, कुठून काय निघेल सांगता येत नाही, पण तेही थेट परत परत टोचलं की सेल्स सुन्न पडतात. आणि सगळ्यात मोठं दुखणं टिकण्याचं. झटपट मारतात पण राहत नाहीत, नेहमीच्या कार-टी काहींच्या शरीरात वर्षानुवर्षं राहिल्यात. म्हणून आता आयएल-१५ हे सेल्सना जगवणारं प्रोटीन बनवायचं जीन आत घालून बघतायत, न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांतला नसांच्या पेशींचा कॅन्सर) झालेल्या मुलांवर अशा कार-एनकेटीच्या, म्हणजे कार-टीसारख्याच बदललेल्या एनकेटीच्या, ट्रायल्स अमेरिकेत झाल्यात.

आणि हो, सगळ्या गॅमा-डेल्टा आपल्याच बाजूच्या असतात असंही नाही. काही आयएल-१७ नावाचं सूज वाढवणारं प्रोटीन सोडतात आणि उंदरांत ब्रेस्ट कॅन्सर पसरायला मदत केल्याचं दिसलंय. नुसतं संख्या वाढवून भागत नाही, कुठला प्रकार वाढतोय ते बघावं लागतं.

प्रश्न : मेट सेल्स व्हिटॅमिन बी२ ओळखतात म्हणे. मग बी२ च्या गोळ्या चालू करू का?

उत्तर : नको. त्या ओळखतात ते बॅक्टेरिया बी२ बनवताना मधल्या पायरीवर तयार होणारं अर्धवट रसायन, तयार व्हिटॅमिन नाही. आपलं शरीर बी२ बनवतच नाही, म्हणून तर ते रसायन दिसलं की मेट सेल्सना कळतं की इथे बॅक्टेरिया आलेत. गोळीत ते नसतं.