"वय झालं की बेडसोर होणारच" हे मला कुणी सांगू नये

तुम्ही विचारलंय की केअर सेंटरमध्ये आजीला बेडसोर (एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम) झाला, तर केस करता येते का, की या वयात ते व्हायचंच? करता येते. पैसे मोजून घेतलेली सेवा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पण "व्हायचंच" हे माझ्या थोरल्या भावाचं वाक्य आहे, म्हणून लिहायला बसले.

आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दादाने तिला पुण्यातल्या एका केंद्रात ठेवलं, महिना ३८ हजार. मी दर रविवारी सोलापूरहून जायचे. सहाव्या रविवारी खोलीत शिरताच वास आला. तिथल्या कामाच्या मावशी म्हणाल्या, "डायपर बदलायचाय, ताई." मी आईला कुशीवर वळवलं. माकडहाडावर वाटीएवढा खड्डा, कडा काळ्या पडलेल्या. दोन आठवडे ती "पाठ जळतेय गं" म्हणत होती आणि मी मावशींना पावडर लावायला सांगत होते.

कॉटला तक्ता अडकवला होता, दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या खुणांचा. तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. खुणा रात्री आठपर्यंत भरलेल्या. मी फोटो काढला. एअर बेडचं, म्हणजे दाब कमी करणाऱ्या हवेच्या गादीचं, भाडं बिलात होतं, आईखाली मात्र साधी गादी.

पुढे जखमेतला संसर्ग रक्तात गेला आणि आई गेली. दादा म्हणाला, "८१ वय होतं, होणारच होतं. भांडून आई परत येणार आहे का?" हाड आणि गादीच्या मध्ये मांस दाबलं जातं, तिथलं रक्त थांबतं, मांस मरतं. म्हातारी कातडी लवकर फाटते हे खरं, पण म्हणून तर दर दोन तासांनी वळवायचं असतं, आणि त्याचेच ते पैसे घेत होते. प्रवेशाच्या फॉर्मवर सही दादाची होती, त्याच्याशी वाकडं नको म्हणून मी गप्प बसले. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. मी चौकशीला गेले तेव्हा ती उलटून चार महिने झाले होते. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करतो. माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

तुम्ही आजच जखमेचे तारखेसकट फोटो, तक्ता, बिलं जमवा. नंतर ज्या हॉस्पिटलात नेलंत तिथले कागद लेखी मागा, डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायचे असतात. केंद्रात दाखल करताना कातडी धड होती, हे दाखवणारा त्याआधीच्या हॉस्पिटलचा डिस्चार्ज पेपर सगळ्यात मोलाचा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, वकील सक्तीचा नाही.

एक राहिलं. अगदी शेवटच्या अवस्थेत नीट काळजी घेऊनही बेडसोर होऊ शकतो, तेव्हा आधी बाहेरच्या सर्जनचं लेखी मत घ्या. आणि सगळ्यांनाच फुकट सांभाळणारा धर्मादाय आश्रम असेल तर हा कायदा लागत नाही.

घरात कुणी "आता कशाला" म्हणालं, तर त्याला जखमेचा फोटो समोर बसून दाखवा. मी दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्याने तो उघडलाच नाही.