‘दोन वर्षांपासून’चं इंग्रजी

“मॅडम, सगळं पाठ करून राहिली, पण तोंड उघडलं की चुकतेच. मला इंग्रजी येणारच नाही का?”

हा प्रश्न मी खूपदा ऐकते. या वेळी विचारणारी मुलगी २६ वर्षांची होती, नागपुरातल्या प्रजापती नगरहून मेट्रोने सीताबर्डीला आलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मराठी शाळा, मग बी.कॉम., आता एका ऑफिसात हिशेबाचं काम. मिहान या उद्योग-परिसरातल्या एका मुलाखतीत ती या ऑफिसबद्दल म्हणाली, ‘आय ॲम वर्किंग देअर सिन्स टू इयर्स.’ समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. तेव्हापासून इंग्रजीतला फोन आला की ती रिसीव्हर शेजारणीच्या हातात देते.

तिने वही काढली. लाल पेनाने आखलेले रकाने: इन, ऑन, ॲट. पानांचे कोपरे हाताळून मऊ पडलेले. एवढी मेहनत करणारी मुलगी स्वतःला ‘ढ’ म्हणत होती, याचं मला फार वाईट वाटलं.

मी वही मिटली. “तेच वाक्य मराठीत सांग.”

“मी दोन वर्षांपासून तिथे काम करून राहिली.”

तिचं इंग्रजी इथूनच आलं होतं. आपल्या नागपुरी ‘करून राहिली’चं ‘ॲम वर्किंग’ झालं आणि ‘पासून’चं ‘सिन्स’. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो, तसंच ‘दोन वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजी इथे फरक करते: सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ लोटला ते सांगायचं तर ‘फॉर’. आणि जे मागे सुरू होऊन अजून चालू आहे, त्याला ‘हॅव बीन’. ‘आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर टू इयर्स.’ तिने ते चार वेळा मोठ्याने म्हटलं. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’मधला गोंधळही असाच. आपल्याकडे ‘उसने’ एकच, घेणे-देणे तेवढं बदलतं. इंग्रजीत घेणाऱ्याचं ‘बॉरो’, देणाऱ्याचं ‘लेंड’.

“पण इन-ऑन-ॲट?”

“तू घरी जातेस, बाजारात जातेस, गावाला जातेस. हे कोणत्या नियमाने?”

ती गप्प झाली, मग हसली. कामाचे नियम मोजकेच: घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वार-तारखेला ‘ऑन’, महिना-वर्षाला ‘इन’. आपण मेट्रोत बसतो आणि ऑटोतही बसतो; इंग्रजीत मात्र ‘ऑन द मेट्रो’, पण ‘इन ॲन ऑटो’. ज्या गाडीत उठून चालता येतं तिला बहुधा ‘ऑन’. बाकीचे त्या-त्या शब्दासोबतच तोंडात बसवायचे: ‘गुड ॲट’, ‘मॅरीड टू’. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागतच नाही.

रकाने बंद केले. रोज फक्त तीन वाक्यं, स्वतःच्या दिवसातली, रात्री आईसमोर मोठ्याने. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून तिच्यासमोर लाज वाटत नव्हती. माझ्या मते निम्मं काम त्यानेच केलं.

तिसऱ्या भेटीत ती खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागली. “काल फोन मीच उचलला, मॅडम. ‘सिन्स थ्री डेज’ निघून गेलं तोंडातून. मग ‘सॉरी, फॉर थ्री डेज’ म्हटलं आणि पुढचं बिल नंबरासकट सांगून टाकलं.”